मोजता न आलेल्या पायऱ्या

मराठवाड्यातल्या एका मोठ्या खेड्यात मी सत्तावीस वर्षे इतिहास शिकवला आणि त्यांतली निम्मीअधिक वर्षे तो वाईट शिकवला. वाईट म्हणजे चुकीचा नव्हे. सनावळ्या बरोबर होत्या, घराण्यांचा क्रम बरोबर होता. सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव ही साखळी माझे विद्यार्थी झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवत. पण ही घराणी ज्या मुलखात नांदली त्याच मुलखात आपण राहतो, सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आपल्या आत्याबाई जिथे षष्ठीच्या यात्रेला जातात ते पैठण, हे त्या साखळीतल्या एकाही कडीला कधी चिकटले नाही. त्यांच्या लेखी इतिहास घडला तो सह्याद्रीत. चौथीच्या पुस्तकातले गड त्यांना तोंडपाठ होते. भोसल्यांची पाटिलकी वेरूळची, म्हणजे आपल्याकडची, असे सांगितले की मुले माझ्याकडे अशी पाहत, जणू मी गावाची बाजू ओढून घेत आहे.

दरवर्षी आमची सहल वेरूळला जाई. पहाटे चारला एसटी सुटायची, घृष्णेश्वराचे दर्शन व्हायचे आणि मग कैलास लेण्यासमोर मुलांना ओळीने बसवून मी पाऊण तास बोलायचो. चौतीस लेणी, त्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला. एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेले देऊळ. मला स्वतःला ते बोलताना भरून येत असे. परत आल्यावर सहलीवर निबंध लिहायला सांगितला की वह्यांमध्ये माकडे असत, पेरू असत, पंक्चर झालेले चाक असे, आणि एका प्रामाणिक मुलाने तर कैलासाबद्दल एकच वाक्य लिहिले होते : ‘तिथे सरांनी खूप माहिती सांगितली.’ ते वाक्य मी लाल पेनाने खोडायला गेलो आणि थांबलो. त्यात खोडण्यासारखे काहीच नव्हते.

पुढे एका वर्षी वेरूळऐवजी अजिंठ्याला गेलो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यापुढे एवढी गर्दी होती की पन्नास मुलांना रांगेत उभे करणे अशक्य झाले, म्हणून कुणी फारसे जात नाही अशा चोविसाव्या लेण्यात त्यांना घेऊन गेलो. तेही खरे सांगायचे तर डबे खाऊन होईपर्यंत कुठेतरी सावलीत थांबावे म्हणून. हे लेणे अर्धवट आहे. पूर्ण झाले असते तर चौथ्या लेण्याच्या खालोखाल मोठा विहार ठरले असते, पण खांब अजून कातळातून पुरते मोकळे झालेले नाहीत आणि छिन्नीचे घाव दगडावर जसेच्या तसे आहेत. डबा हातात तसाच धरून एक मुलगी एका ओबडधोबड खांबाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, हे असंच का सोडून दिलं?” मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच दुसरा म्हणाला, “पैसे संपले असतील.” तिसरा म्हणाला, “दगड खराब लागला असंल.” मग वाद सुरू झाला. छत आधी कोरले की जमीन, हे कुणीतरी वर पाहून ओळखले, कारण छत खांबांच्या मानाने पुष्कळ पुढे गेलेले होते. वरून खाली काम करायचे म्हणजे मचाणाची गरज उरत नाही, हे गवंड्याच्या मुलाच्या लक्षात आले, माझ्या नव्हे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाच्या मृत्यूनंतर अजिंठ्याचा राजाश्रय आटला आणि कामे ठप्प झाली, असे काही अभ्यासक मानतात, हे मी शेवटी सांगितले. पण तोवर ‘पैसे संपले असतील’ हे म्हणून झाले होते आणि ज्याने ते म्हटले होते तो दिवसभर छाती काढून फिरला.

कैलास लेणे इतके पूर्ण आहे की त्याच्यापुढे मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. फार तर थक्क व्हायचे आणि थक्क होऊन पेरू घ्यायला जायचे. चोविसावे लेणे अपुरे आहे म्हणून तिथे त्याला बोलायला जागा मिळते. ही गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली, आणि त्यानंतर मी अपुऱ्या, तुटक्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या वस्तूंच्या शोधात राहू लागलो. त्यांच्यासाठी अजिंठ्यापर्यंत जावे लागत नाही.

आमच्या शाळेमागे महादेवाच्या देवळाला लागून एक बारव आहे. देवळाला सगळे गाव हेमाडपंती म्हणते. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेली कोणतीही वास्तू आपल्याकडे हेमाडपंती होते. यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि यांतली कित्येक मंदिरे त्याच्या जन्माआधी शे-दीडशे वर्षे उभी होती, याची हेमाडपंतांनाही कल्पना नसावी. बारवेत निर्माल्य, पिशव्या, घाणेरीची झुडपे आणि दोन बाभळी होत्या. ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, देवळाच्या गुरवांची संमती घेतली, आणि चार रविवार मोठी माणसे आणि नववीची मुले असे मिळून वरचा भाग मोकळा केला. एक धामण निघाली, तिला वाट करून दिली. या साफसफाईचे पुढे पुष्कळ कौतुक झाले, फोटो निघाले. माझ्या मते त्यात शिकण्यासारखे फारसे नव्हते. झाडू मारणे मुलांना घरीही येते. शिकणे सुरू झाले ते पाचव्या रविवारी, पायऱ्या मोजताना.

जुन्या वास्तुशास्त्रात बारवांची नावे प्रवेशांवरून ठरतात : एकीकडून उतरता येते ती नंदा, दोहोंकडून भद्रा, तिहींकडून जया आणि चारही बाजूंनी विजया. आमची जया. म्हणून मुलांचे तीन गट केले आणि प्रत्येकाला एक बाजू दिली. दिसणाऱ्या पायऱ्या मोजायच्या, एवढेच काम. आकडे आले तेवीस, एकवीस आणि चोवीस. “सर, ही म्हणायली चोवीस, आन् मी मोजल्या तर तेवीसच,” अशी भांडणे लागली. गट बदलून पुन्हा मोजले, तर आकडेही बदलले. एका गटाने वरचा उंबरा पायरी म्हणून धरला होता, दुसऱ्याने नव्हता. पूर्वेकडची एक पायरी फुटून खालच्या पायरीवर बसली होती; ती एक धरायची की दोन? मधला रुंद टप्पा ही पायरी आहे की नाही? आणि खाली गाळात, पाण्यात किती आहेत? दोन तास हा वाद चालला आणि त्यात मी एकदाही निकाल दिला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो, कारण निकाल देण्याची खोड सत्तावीस वर्षांची होती. शेवटी मुलांनीच ठरवले की आधी पायरी कशाला म्हणायचे ते लिहायचे, मग मोजायचे, आणि तक्त्यात शेवटचा रकाना ‘पाण्याखाली’ असा ठेवायचा. त्या रकान्यात त्यांनी ‘माहीत नाही’ असे लिहिले. परीक्षेत असे लिहिले असते तर मी शून्य दिले असते.

बारवेच्या पश्चिम भिंतीत एक कोनाडा आहे, देवकोष्ठ, आणि तो रिकामा आहे. मूर्ती कुठे गेली याची चौकशी मुलांनी घरोघर केली. बहुतेकांनी हात झटकले. एका आजीबाईंनी मात्र वेशीजवळच्या पिंपळाखाली शेंदूर लावलेला जो दगड आसरा, म्हणजे पाण्याची देवता, म्हणून पुजला जातो तो ‘मूळचा पाण्यातला’ असल्याचे सांगितले. मुलांनी कोनाड्याची रुंदी दोरीने घेतली, गाठ मारली, आणि तीच दोरी घेऊन वेशीकडे धावली. दगड कोनाड्यात मावेल असा निघाला, दोन बोटे जागा ठेवून. सगळ्यांना वाटले, शोध लागला. मग एकीने शंका काढली की त्या मापाचा दगड तर आमच्या अंगणातला पाटासुद्धा असेल. मावतो याचा अर्थ तिथलाच आहे असा होत नाही. तिच्या या एका वाक्यापुढे माझी पुराव्यांवरची सगळी व्याख्याने फिकी होती. दगड हलवण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे रोज नारळ फुटतो. वहीत नोंद झाली ती अशी : ‘मावतो. पण खात्री नाही.’

मोजण्याची गोडी लागली की मुले आपली आपण पुढे जातात. जुने मोजमाप हाताचे, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, चोवीस अंगुळांचे, हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला तो, कुणाचा हात? वर्गातला सर्वांत लहान मुलगा आणि सर्वांत उंच मुलगी यांच्या हातांनी मोजलेली बारव वेगवेगळ्या खोलीची निघाली. हा गोंधळ उपयोगी पडला तो अंबाजोगाईला जाण्याआधी. तिथल्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवर पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते याचा, विषय चाळीस हात लांब आणि चार हात रुंद कापडावर लिहिला, ती पासोडी प्रसिद्ध आहे. चाळीस हात ऐकून मुलांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. म्हणून दोन मुलींनी आज्यांची नऊवारी लुगडी आणली आणि शाळेच्या व्हरांड्यात एकापुढे एक पसरली. एका वाराचे दोन हात, म्हणजे एक नऊवारी अठरा हात. दोन जोडूनही छत्तीसच भरले. चार हात कमी पडले, आणि व्हरांडा संपला. उरलेले चार हात मुलांनी पायरीवरून खाली अंगणात खडूने आखले. एवढ्या कापडावर न कंटाळता लिहीत गेलेला माणूस त्यांना त्या दिवशी प्रथम माणूस वाटला. एकाने विचारले की, ‘मधेच चूक झाली तर काय करत असतील?’

तेरच्या सहलीतही असेच काही झाले. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर, गोरोबाकाकांचे गाव. तिथल्या त्रिविक्रम मंदिराचा विटांचा गजपृष्ठाकार मागचा भाग मूळचा बौद्ध चैत्य आहे, पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा आहेत, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. विटांनी मुलांना वेड लावले, हे सांगायला नकोच. पण मला लक्षात राहिला तो नकाशा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे सांगितले आहे. मुलांनी अंतर काढले : आजच्या रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. दहाने भागले. रोज वीस किलोमीटर. घरी जाऊन आजोबांना विचारले, भरलेली बैलगाडी दिवसात किती चालते? सहा-सात कोस, असे उत्तर घेऊन आली. हिशेब जुळला म्हणून टाळ्या झाल्या, तेवढ्यात नकाशावर पट्टी ठेवून बसलेला एक मुलगा म्हणाला की, ‘तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, ग्रीक माणूस चुकला.’ कदाचित त्याने ऐकीव लिहिले असेल, कदाचित रस्ता आधी पूर्वेकडे जात असेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाची चूक काढता येते, हे कळल्यावर त्या मुलाची पाठ ताठ झाली ती अजून तशीच आहे. सध्या तो भूमापन खात्यात आहे.

गावाच्या पांढरीवर मात्र मी मुलांना फार जपून नेले. जुन्या वस्तीच्या मातीला आपल्याकडे पांढरी म्हणतात आणि शेतीच्या मातीला काळी. ही पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या माळवदाच्या धाब्यावर पडत आली, त्यामुळे आमच्या घरांच्या छपरांत कुठल्या कुठल्या शतकाची खापरे आहेत ते देवच जाणे. बाहेरून तांबडे आणि आतून काळे असे खापर पावसाळ्यानंतर सहज वर येते. उकरायचे नाही, घरी न्यायचे नाही, जागेवरच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, असा नियम केला. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, हे सांगितल्यावर मुले आधी घाबरली आणि मग गुप्तधनाच्या गोष्टी सांगू लागली. एकाने खिशातून चांदीचे नाणे काढले, सातवाहनांचे म्हणून. त्यावर चारमिनार होता. सातवाहनांच्या राज्यात चारमिनार, यावर वर्ग इतका हसला की पोरगा रडकुंडीला आला, आणि मग ते नाणे हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या चलनातले, त्याच्या पणजोबांच्या कमरेच्या पैशाच्या पिशवीतले निघाले. इंग्रजांचे कलदार रुपये सहा म्हणजे हाली सात, हा भाव कळताच गणिताच्या सरांनी तो तास माझ्याकडून मागून घेतला.

नाण्यामागोमाग कागद आले. मोगलाईतल्या, म्हणजे पूर्वीच्या निजामाच्या राज्यातल्या, आमच्या गावांत जुने जमिनीचे कागद उर्दूत आहेत, आणि ज्यांच्या घरात आहेत त्यांना ते वाचता येत नाहीत. एका मुलाने असा एक पिवळा कागद आणला. तो वाचून दिला त्याच्याच बाकावर बसणाऱ्या मुलाच्या आजोबांनी, चष्मा कपाळावर घेऊन, बोट फिरवत. सन होता फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतला, १३४२. त्यात ५९० मिळवायचे, की आपला सन निघतो : १९३२. चतुःसीमेत पूर्वेला ज्याचे शेत लिहिले होते ते नाव त्या आजोबांच्या वडिलांचे होते. दोघे मुलगे तीन वर्षे एका बाकावर बसत होते. आपली शेते एका बांधावर होती, हे त्यांना त्या कागदाने सांगितले. मधला एक शब्द आजोबांनाही लागला नाही. त्याच्या जागी मुलांनी चौकट काढून ती रिकामी ठेवली.

१७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, भाषणे होतात. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, हे मुले दरवर्षी ऐकतात आणि दरवर्षी पायांवर ऊन घेत उभी असतात. एका वर्षी मी घरातल्या वृद्धांना विचारण्यासाठी प्रश्न दिले, तेही अगदी लहान. रझाकारांच्या काळात तुम्ही रात्री कुठे झोपत होता? जेवायला काय होते? कोणती वस्तू लपवली होती? ‘अनुभव सांगा’ म्हटले की म्हातारी माणसे भाषण करतात. ‘जेवायला काय होते’ म्हटले की आठवतात. ज्वारीने भरलेल्या पेवात दोन रात्री बसून काढलेली पाच वर्षांची मुलगी आता कुणाची तरी पणजी होती. कुणाची घरेदारे सोडून हद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात गेलेली बिऱ्हाडे होती. कुणाच्या घरचा तांब्याचा हंडा विहिरीत टाकला होता तो कधी निघालाच नाही.

आणि एका मुलीच्या पानावर एकच ओळ होती : ‘दादी म्हणाली, बेटा, वो नक्को पूछ.’ रझाकारांनी जे केले ते आमच्या पुस्तकात आहे. पोलिस ॲक्शननंतर अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने तो नोंदवला, आणि तो अहवाल पुढे कित्येक दशके अप्रकाशित राहिला, हे आमच्या पुस्तकात नाही. मी त्या मुलीला दुसरा प्रश्न दिला नाही, पान बदलायलाही सांगितले नाही. सगळी पाने शिवून हस्तलिखित केले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारले की हे पान कोरेच का ठेवले. मी म्हणालो, कोरे नाही, एक ओळ आहे. त्यांनी ती वाचली, थोडा वेळ गप्प राहिले आणि सही केली.

मी निवृत्त होऊन आता पाच वर्षे झाली. माझ्यानंतर आलेल्या बाई बारवेचा तक्ता चालवतात. मे महिन्यात पाणी सर्वांत खाली जाते तेव्हा नववीची मुले उतरतात आणि आधीच्या वर्षीच्या तक्त्याशी ताडून पाहतात. गेल्या उन्हाळ्यात पाऊस लांबला, पाणी फार खाली गेले, आणि जुन्या आकड्यांपुढे आणखी सहा पायऱ्या उघड्या पडल्या. बाईंनी मला बोलावले. मी कठड्यावर बसून होतो. गुडघे आता उतरू देत नाहीत. खालून एका मुलाचा आवाज आला, तिसावी पायरी तिरकी आहे, धरायची का? वरून दुसऱ्याने तक्त्यातली व्याख्या वाचून दाखवली. थोडी वादावादी झाली आणि ती धरली गेली. मग त्याने बांबू खाली पाण्यात सोडला, तो गाळात रुतून थांबला, आणि तक्ता धरलेल्या मुलीने शेवटच्या रकान्यात पुन्हा तेच दोन शब्द लिहिले. रुतलेला बांबू मात्र काही केल्या निघेना. तो काढायला पोरांना पुढचा अर्धा तास लागला.